चित्र काढणारा पंखा

आमच्या घरात माझं मत विचारण्याची पद्धत नाही. यात कोणाचा दोष नाही. माझं मत तयार व्हायला वेळ लागतो, आणि ते तयार होईपर्यंत घरातल्यांनी पडदे आणून, शिवून, लावून, एकदा धुऊनही काढलेले असतात. त्यामुळे त्या दिवशी सकाळी सूनबाई माझ्यासमोर उभी राहून "बाबा, हे तुम्हीच ठरवा" असं म्हणाली, तेव्हा मी आधी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

झालं होतं असं, की तिच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर अचानक उभ्या रंगीत पट्ट्या आल्या होत्या. मला त्या बऱ्या वाटल्या आणि मी तसं म्हणालोही. तिने माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे सांगितलं, की ग्राफिक्स कार्ड गेलं. कॉम्प्युटरच्या पेटीत म्हणे चित्रं काढायचं काम करणारा एक वेगळाच भाग असतो. बाकीची पेटी धडधाकट असली तरी तो भाग गेला की पडद्यावर नुसत्या पट्ट्या.

सूनबाई इमारतींच्या आतली मांडणी आखते. मोठ्या ऑफिसातली चांगली नोकरी सोडून तिने नुकतंच घरी स्वतःचं काम सुरू केलं होतं, माझ्या पुस्तकांच्या खोलीत. पुस्तकं भिंतींना लागून तशीच राहिली, मी बाहेर आलो. पहिलंच काम दारात आलं होतं: मुलांसाठी नवं वाचनालय. त्याच्या समितीची माणसं शनिवारी आमच्या घरी येणार होती आणि सूनबाई त्यांना न बांधलेल्या इमारतीतून पडद्यावर फिरवून आणणार होती. फाटकातून आत, जिन्याने वर, खिडकीशी जरा थांबून, असं. पडदा चालला नाही तर काम गेलं. काम गेलं तर पुन्हा त्याच ऑफिसात, त्याच साहेबांपुढे जाऊन उभं राहायचं. आणि नोकरी सोडताना तिने त्या साहेबांना जे सुनावलं होतं, ते मी निवृत्त झाल्यावरही माझ्या साहेबांना मनातल्या मनातसुद्धा सुनावू शकलेलो नाही.

"मला आराखडे पुरे करायचेत," ती म्हणाली. "परीक्षणं वाचत बसायला वेळ नाही. तुम्ही सगळी वाचा आणि मला एक नाव सांगा."

"एकच?"

"एकच, बाबा."

स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला, "अगं, त्यांना वाचायला सांगितलंस ते ठीक आहे. सांगायला कशाला सांगितलंस?"

मुलगा कामानिमित्त परगावी होता. त्याला फोनवर हे कळलं. मग त्याने आईला हळूच विचारलं, की घरात दुसरं कोणी नव्हतं का. फोन स्पीकरवर होता. मी ऐकलं नाही असं दाखवलं, पण त्याच क्षणी मी मनाशी ठरवलं, की हे काम असं करायचं की बघत राहतील.

माझा जन्म छापखान्यात प्रूफं तपासण्यात गेला. आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तकं छापण्याआधी वाचायची, चुकीवर खूण करायची आणि लेखकाने ती मान्य केली नाही तर निमूटपणे खोडायची. वाचणं ही एकच गोष्ट मला जमते, म्हणजे जमते असा माझा समज आहे. तेव्हा मी कोपऱ्यावरच्या दुकानातून सगळी परीक्षणं कागदावर छापून आणली आणि तांबडं पेन घेऊन गॅलरीत बसलो.

आणि काय सांगू, मी हरखून गेलो. पुस्तकांची परीक्षणं मी पुष्कळ वाचली आहेत. त्यांत 'लेखकाकडून आणखी अपेक्षा आहेत' असं आलं, की समजायचं पुस्तक पडलं. इथे तसली भीड नाही. इथले परीक्षक स्क्रू-ड्रायव्हर घेऊनच बसतात. कार्ड हातात आलं की आधी ते पार उघडतात, आतलं लेपण खरवडून बघतात, वजन करतात, तापवतात आणि मग त्या कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात, तोही आलेखासकट. पुस्तकाच्या परीक्षकाने कधी बांधणी उसवून पाहिल्याचं मला आठवत नाही. काहींनी पुस्तक उघडल्याचंही आठवत नाही.

शिवाय मला एक शोध लागला. कार्डातली मूळ चिप एकाच कंपनीची असते. ती दहा कंपन्या विकत घेतात आणि प्रत्येक जण तिच्यावर आपापले पंखे आणि आपापलं कवच चढवून विकतो. म्हणजे मजकूर एकच, आवृत्त्या दहा. हे कळल्यावर मला परक्या गावात अचानक कोणी नावाने हाक मारल्यासारखं वाटलं. आवृत्त्यांची तुलना म्हणजे माझा हातखंडा.

पण या प्रकाशकांचे निर्णय मात्र एकेक अचाट. एकाने पंखे तीन लावले होते, कारण शेजारच्याने तीन लावले होते. एकाने बंद पेटीत कोणालाही न दिसणाऱ्या जागी रंगीबेरंगी दिवे बसवले होते. एकाने विजेचा प्लग अशा ठिकाणी ठेवला होता, की पेटीचं झाकण लागूच नये. आणि एक कार्ड इतकं जड होतं, की आडवं बसवल्यावर आपल्याच भाराने खाली झुकायचं, म्हणून कंपनीनेच सोबत एक टेकू दिला होता. पाळण्याबरोबर काठी द्यावी तसं. मी पेन खाली ठेवून हसलो. मग वाटलं, मी कोण हसणारा? मलाही खुर्चीतून उठताना काहीतरी धरावं लागतंच.

चांगलं वाक्य सापडलं की ते कोणाला तरी वाचून दाखवल्याशिवाय मला राहवत नाही. ही कपडे वाळत घालत होती, तिला मी मोठ्याने वाचून दाखवत होतो: किती तापतं, किती वीज ओढतं, तीन पंखे असूनही कसं तापतं. ही 'हं' म्हणत होती. समोरच्या गॅलरीतल्या वहिनी 'हं' न म्हणता ऐकत होत्या. संध्याकाळपर्यंत अख्ख्या इमारतीला कळलं, की आमच्याकडे भट्टीसारखं काहीतरी येणार आहे.

पहिले आले खालच्या मजल्यावरचे टेलिफोन खात्यातले निवृत्त साहेब. त्यांचं म्हणणं असं, की परीक्षणंबिरीक्षणं सब झूट, वजन बघा. त्यांच्या काळचा फोन डोक्यात घातला तर माणूस गेला असता, म्हणून तो चाळीस वर्षं टिकला. मी भीत भीत टेकूबद्दल सांगितलं, तर म्हणाले, "मग तेच घ्या. स्वतःच्या वजनाने वाकतंय म्हणजे माल आहे." त्यांच्यामागून वहिनी आल्या. त्यांच्या भाच्याकडे असलंच काहीतरी आहे आणि त्या खोलीत ठेवलेली केळी एका दिवसात पिकतात, असं त्यांनी सांगितलं. हा मुद्दा एकाही परीक्षणात आला नव्हता, म्हणून मी तो समासात टिपून ठेवला.

तिसरे आले सेक्रेटरी, हातात फॉर्म घेऊन. इमारतीचा नियम होता, की जास्त वीज ओढणारं कुठलंही यंत्र आणायचं तर आधी परवानगी घ्यायची. फॉर्मवर तीनच प्रकार होते: पंखा, हीटर आणि पाण्याची मोटर. पूर्वी 'इतर' असा चौथा रकाना होता, पण त्याखाली एकाने कुत्रा आणला, तेव्हापासून तो काढून टाकला.

"तापतं का?" त्यांनी विचारलं.

"तापतं."

"म्हणजे हीटर."

"पण त्याला तीन पंखे आहेत," मी म्हणालो. गप्प बसलो असतो तर परवानगी तिथेच मिळाली असती.

"म्हणजे पंखा. पण मग तापतं कसं? ते करतं काय नक्की?"

"चित्रं काढतं."

सेक्रेटरींनी पेनाला टोपण लावलं. आधी त्यांना वाटलं मी थट्टा करतोय, पण माझा चेहरा थट्टा करणाऱ्याचा नाही, हे त्यांच्या लवकर लक्षात आलं. मग दोन दिवस तो फॉर्म कमिटीतल्या माणसांच्या घरोघरी फिरला. तिसऱ्या दिवशी सही-शिक्क्यासह परवानगी आली: 'चित्र काढणारा पंखा (तापणारा), नग एक.' खाली अट होती, की यंत्रातून पाणी गळून खालच्या मजल्याला त्रास झाल्यास जबाबदारी सदनिकाधारकाची. ती अट छापीलच असल्यामुळे कोणाला काढता येत नव्हती. मी सही केली.

एव्हाना माझ्या यादीत दोनच कार्डं उरली होती, एक काळं आणि एक पांढरं. दोन्ही वेगाने सारखीच, पेटीत बसणारी. फरक फक्त आवाजाचा. सूनबाईने सुरुवातीलाच बजावलं होतं, की समिती समोर बसणार, तेव्हा घोंघावणारं काही नको. आणि आवाजाच्या बाबतीत सगळं जग एकमुखाने सांगत होतं: काळं कार्ड शांत, पांढरं कर्कश. जगाला हे ज्याच्याकडून कळलं होतं, तो परीक्षक या धंद्यातला सगळ्यात कडक आणि सगळ्यात जास्त वाचला जाणारा. बाकीच्यांनी बहुधा त्याच्याचकडून उतरवून घेतलं होतं.

मी त्याचा आवाजाचा तक्ता पाहिला. मग त्याखालचा आलेख पाहिला. मग चष्मा पुसून दोन्ही पुन्हा पाहिले. आलेखात शांत होतं ते पांढरं. तक्ता करताना दोन ओळींची अदलाबदल झाली होती, दुसरं काही नाही. असल्या चुका काढण्यात माझे डोळे गेले आहेत.

त्याच वेळी मी दुकानात फोन केला. दुकानदार म्हणाला, की पांढरी ढिगाने पडलीयत, कोणी विचारत नाही, केव्हाही या. आता शहाण्या माणसाने काय केलं असतं? सूनबाईला हाक मारून 'पांढरं' एवढा एक शब्द सांगितला असता. तोंड उघडलंही होतं मी. पण मग मनात आलं, एवढा मोठा परीक्षक, एवढी माणसं वाचणारी, आणि चूक दिसली ती फक्त मला? म्हणजे चूक माझीच असणार. एकच नाव सांगायचं आणि तेच चुकीचं निघालं तर? त्यापेक्षा त्यालाच विचारून खात्री करून घ्यावी.

मी त्याला ई-मेल लिहिली. सत्तरी ओलांडलेला एक सामान्य वाचक आहे, या विषयातलं काही कळत नाही, पण अमुक तक्त्यातल्या तमुक ओळी कदाचित उलटसुलट झाल्या असाव्यात, माझीच समजूत चुकली असल्यास क्षमा असावी. तीनदा वाचून, एक स्वल्पविराम काढून, पाठवून दिली आणि दुपारचा जरा आडवा झालो.

उठलो तेव्हा उत्तर आलेलं होतं. तक्ता चुकीचाच होता. त्याने तो तिथल्या तिथे दुरुस्त केला होता आणि वर ठळक अक्षरांत छापलं होतं: 'शांत कार्ड काळं नसून पांढरं आहे. ही चूक दाखवून देणाऱ्या एका ज्येष्ठ वाचकाचे आम्ही ऋणी आहोत.' इतकी वर्षं प्रूफं तपासली, पण मला कोणी ठळक अक्षरांत छापलं नव्हतं. मी ते हिला वाचून दाखवलं, टेलिफोन साहेबांना दाखवलं, समोरच्या वहिनींना गॅलरीतून ओरडून सांगितलं. मग ऐटीत दुकानात फोन लावला आणि म्हणालो, की ते पांढरं एक बांधून ठेवा.

"काका, संपली की," दुकानदार म्हणाला. "दुपारपासून काय झालंय कळत नाही, जो तो पांढरंच मागतोय. कुठल्या तरी म्हाताऱ्याने तक्ता सुधारलाय म्हणे."

"हो का?" मी म्हणालो.

"आता पुढचा माल पंधरवड्याने. काळी मात्र हवी तेवढी आहेत. कोणी परत आणून दिलेलीही आहेत."

मी गावातल्या इतर दुकानांत फोन केले. सगळीकडे माझी कीर्ती माझ्या आधी पोचली होती.

सूनबाईला सांगायला मी पुस्तकांच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिलो. काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं, पण ऐनवेळी सगळं मधूनच सुरू झालं. तिने ऐकून घेतलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त पेन्सिल खाली ठेवून म्हणाली, "म्हणजे बाबा, तुम्हाला बरोबर उत्तर सापडलं होतं. आणि ते तुम्ही मला सोडून सगळ्या जगाला सांगितलंत."

हिने मागून दुरुस्ती केली, की वहिनींनाही सांगितलं.

काळं कार्ड आलं. सूनबाईने स्वतःच पेटी उघडून ते बसवलं. बसवल्या बसवल्या ते टोकाकडून खाली झुकलं. टेकूवालं कार्ड ते हेच, पण टेकू खोक्यात नव्हता. ते परत आलेल्यांपैकी असणार. माझ्या कपाटांत सगळ्या जाडीची पुस्तकं असल्यामुळे मी उत्साहाने योग्य जाडीचं पुस्तक शोधायला लागलो. पातळ कवितासंग्रह कमी पडत होते, प्रवासवर्णन जरा जास्त होत होतं. मी एका दीर्घकथेपर्यंत पोचलो तोवर तिने पेन्सिलीचा तुकडा मोडून तिथे उभा केला होता.

मग तिने वाचनालय सुरू केलं. पडद्यावर फाटक आलं, झाडं आली, काचेचा दर्शनी भाग आला, समोरच्या हमरस्त्यावरच्या गाड्या आल्या, आणि पेटीतून असा आवाज उठला, की ही मिक्सर बंद करायला धावली. मिक्सर बंदच होता. समोरच्या वहिनींनी वादळ आलं म्हणून कपडे आत घेतले. टेलिफोन साहेब मात्र खालून वर आले आणि दारात उभं राहून समाधानाने म्हणाले, "ऐका. याला म्हणतात माल."

या कार्डाला मधलं काही ठाऊकच नव्हतं. पानं, काचा, गाड्या असं किचकट चित्र काढायचं असलं की पंखे जीव खाऊन फिरायचे. साधी भिंत समोर आली की थोड्याच वेळात टक्कन बंद. कंपनीने हे मुद्दाम तसं ठरवलं होतं म्हणे. का, ते त्या कडक परीक्षकालाही उमगलं नव्हतं. सूनबाईने पेटीवर उशी ठेवून पाहिली, तर आवाज आणखी वाढला. शेवटी ती म्हणाली, की असू दे, चित्र तरी दिसतंय.

शनिवारी समिती आली. अध्यक्ष उंच, गंभीर, प्रत्येक वाक्याआधी घसा साफ करणारे. त्यांच्याबरोबर एक सभासद बाई होत्या. त्या बसल्या बसल्याच म्हणाल्या, की जागा हमरस्त्यावर आहे, मुलांना वाचताना गाड्यांचा त्रास व्हायचा, त्यांना तीच एक काळजी आहे. ज्या काळजीसाठी आपण काही करू शकत नाही ती ऐकली की मला खोकला येतो. मी कपाटाला टेकून खोकत उभा राहिलो.

सूनबाईने फाटक उघडलं. पंखे गरजले. मी आवाज झाकण्यासाठी खोकला वाढवला, पण माझ्या छातीत तेवढा दम नाही. अध्यक्ष पडद्याकडे जरा वाकले. झाडं झाली, काचा झाल्या, गाड्या एकामागून एक गेल्या, पंखे टिपेला पोचले. मग ती आत शिरली, वाचनाच्या दालनात गेली. साध्या पांढऱ्या भिंती, बुटकी टेबलं. ती तिथे थांबून टेबलांची उंची समजावू लागली, आणि पंखे टक्कन थांबले.

खोलीत अशी शांतता पसरली की अध्यक्षांनी डोळेच मिटले.

"वा," घसा साफ न करताच ते म्हणाले. "बाहेर एवढा रस्ता वाहतोय आणि आत चिटपाखरू नाही. आवाजासकट दाखवणारं आजवर कोणी भेटलं नव्हतं. आमची काळजीच मिटली."

बाईही मान हलवत होत्या. काम झालं होतं. सूनबाईच्या चेहऱ्यावर आधी गोंधळ दिसला, मग काहीच दिसेना. आणि माझ्या तोंडात दोन शब्द तयार झाले. चूक समोर होती, ठळक अक्षरांत होती. मी एक पाऊल पुढे टाकलं, "खरं म्हणजे..."

"अहो," हिचा आवाज आला, "जरा इकडे या बघू."

लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माझ्या 'खरं म्हणजे'पुढे काय असतं ते हिला पाठ आहे. तिने मला स्वयंपाकघरात ओढलं, दोन्ही हातांत चहाचा भरलेला ट्रे दिला, म्हणजे मला हलता येऊ नये, आणि दाराशी उभी राहिली. "एक शब्द बोललात तर बघा," ती कुजबुजली. "पोरीचं काम झालंय."

मी ट्रे धरून उभा राहिलो. आणि तेवढ्यात आतून सूनबाईचा आवाज आला, स्वच्छ, जरा घाबरलेला.

"खरं म्हणजे, साहेब, तो आवाज रस्त्याचा नव्हता. माझ्या कॉम्प्युटरच्या पंख्यांचा होता. भिंत साधी आहे, चित्र काढायला सोपी, म्हणून ते थांबले. रस्त्याचा आवाज किती अडेल ते मी अजून मोजलेलं नाही. जागेवर येऊन मोजायला लागेल."

हिने कपाळावर हात मारून घेतला. माझ्या डोळ्यांसमोर ते मोठं ऑफिस उभं राहिलं, ते साहेब, आणि त्यांच्यापुढे मान खाली घालून उभी असलेली सूनबाई. सगळा दोष माझाच होता. मी नाव वेळेवर सांगितलं असतं तर खोटं बोलण्याची वा खरं बोलण्याची, कसलीच वेळ तिच्यावर आली नसती.

मग बाई हसायला लागल्या. आधी हळू, मग खुर्ची करकरेपर्यंत. "म्हणजे मघापासून आम्ही दोघं पंख्याला रस्ता समजून बसलो होतो?"

"मला शंका आलीच होती," अध्यक्ष म्हणाले, जराही शंका न आलेल्या आवाजात.

बाईंनी डोळे पुसले असावेत. म्हणाल्या, की आतापर्यंत जे तिघं-चौघं आराखडे दाखवून गेले त्यांच्या इमारतीत नावाला एक दोष नव्हता, म्हणूनच आपल्याला झोप येईनाशी झाली होती. मग विचारलं, की रस्त्याकडची भिंत दुहेरी केली तर? सूनबाई म्हणाली, की तीच आखलीय, आणि शिवाय त्या भिंतीला आतून जमिनीपासून छतापर्यंत पुस्तकांची कपाटं. अध्यक्षांनी घसा साफ केला आणि सोमवारी जागेवर मोजमापाला यायला सांगितलं. कामाचं पत्र तिथेच हातात देतो म्हणाले.

मला आनंदाने काय करावं कळेना. हात अडकलेले होते, म्हणून मी जागच्या जागी पायांनीच काहीतरी केलं. त्याला नाच म्हणता येईल का, याबद्दल मी साशंक आहे. चहा बशांत सांडला.

हिने माझ्या हातांतून ट्रे काढून घेतला, बशा पुसल्या आणि दाराकडे एकदा, माझ्याकडे एकदा बघून म्हणाली, "एक होता तोवर कसंबसं निभावत होतं. आता घरात दोन झाले."